थरथरणारं जॅकेट आणि छातीतला कफ

हवेवर चालणारं एक जॅकेट. छातीभोवती बांधायचं, दोन जाड नळ्यांनी शेजारच्या पेटीला जोडायचं आणि बटण दाबायचं. पेटी जॅकेटमध्ये हवेचे ठोके सोडते आणि परत घेते, सेकंदाला दहा, बारा, कधी वीस. सगळी छाती थडथडते. बोलायला जावं तर आवाज तुटक तुटक येतो. लहान मुलांना त्याचीच गंमत वाटते आणि ती मुद्दाम बडबड करतात. वीस मिनिटं ते अर्धा तास हे चालतं, बहुधा सकाळ-संध्याकाळ. याचं पूर्ण नाव हाय फ्रिक्वेन्सी चेस्ट वॉल ऑसिलेशन. एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे नुसतं ‘व्हेस्ट’ म्हणतात.

घरात कफाने हैराण झालेलं माणूस असलं आणि कुणीतरी या यंत्राचा व्हिडिओ पाठवला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: याने छातीतला कफ निघतो का? व्हेस्टने कफ सुटतो आणि पुढे सरकतो. तो बाहेर टाकायचं काम मात्र खोकल्यालाच करावं लागतं. हा फरक दिसतो तेवढा बारीक नाही. व्हेस्ट कुणाच्या कामाचं, कुणाला निरुपयोगी आणि कुणाला धोक्याचं, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

कफ अडतो कुठे

निरोगी माणसाच्या छातीतही कफ रोज तयार होतो. श्वासनलिकांना आतून त्याचा पातळसा थर असतो आणि श्वासाबरोबर आत आलेली धूळ, धूर, जंतू त्याला चिकटतात. या थराखालच्या पेशींवर सूक्ष्म केस असतात, एकेका पेशीवर सुमारे २०० . ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने, म्हणजे घशाकडे, हलतात. त्यांच्या या हालचालीने कफाचा थर मिनिटाला काही मिलिमीटर असा वर सरकत राहतो. घशाशी आला की आपण तो गिळून टाकतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

बिघाड साधारण तीन ठिकाणी होतो. एक म्हणजे कफच घट्ट होतो. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात पेशींमधून क्षाराची ये-जा करणारी वाट बिघडलेली असते. त्यामुळे थरात पुरेसं पाणी येत नाही, कफ चिकट होतो आणि जागच्या जागी बसतो. या बिघाडाला कारणीभूत जनुक १९८९ मध्ये सापडलं. व्हेस्ट जन्माला आलं ते मुख्यतः याच रुग्णांसाठी.

दुसरा बिघाड नलिकांचा. वारंवार झालेल्या जंतुसंसर्गाने श्वासनलिकांच्या भिंती खराब होतात, नलिका कायमच्या रुंद आणि सैल पडतात, केस झडून जातात. याला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात. सैल नळीत कफ साठतो, साठलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंमुळे भिंत आणखी खराब होते आणि आणखी कफ साठतो. आपल्याकडे हा आजार बऱ्याचदा क्षयरोगाच्या मागून येतो. टीबीचा कोर्स पूर्ण झालेला, थुंकीत जंतू नाहीत, तरी वर्षानुवर्षं सकाळी उठल्या उठल्या वाटीभर बेडका पडतो, अशी माणसं महाराष्ट्रातल्या कुठल्याही छातीच्या ओपीडीत दिसतील. भारतातल्या ३१ केंद्रांमधल्या २,१९५ ब्रॉन्किएक्टॅसिस रुग्णांच्या नोंदी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत सर्वांत मोठं कारण जुना टीबी हेच निघालं, सुमारे ३५ टक्के रुग्णांमध्ये. युरोपातल्या आकड्यांशी हे चित्र मुळीच जुळत नाही. म्हणूनच तिकडच्या लेखांत व्हेस्टबरोबर सिस्टिक फायब्रोसिसचं नाव येतं, तर इथे त्याच जागी टीबी होऊन गेलेला माणूस उभा करून विचार करावा लागतो.

तिसरा बिघाड ताकदीचा. स्नायूंच्या आणि मज्जातंतूंच्या काही आजारांत, मानेच्या मणक्याला इजा झाल्यावर, कधी पक्षाघातानंतर, माणसाला जोराने खोकताच येत नाही. कफ साधाच असतो, नलिकाही ठीक असतात, पण ढकलणारं कुणी नसतं. या तिसऱ्या गटाकडे पुन्हा यावं लागेल, कारण व्हेस्टबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे.

थापट्यांपासून यंत्रापर्यंत

छातीत कफ भरला की पाठीवर थापट्या मारणं काही नवीन नाही. विल्यम यूअर्ट या लंडनच्या डॉक्टरांनी १९०१ मध्ये रुग्णाला विशिष्ट बाजूवर, विशिष्ट उतारावर झोपवून कफ वाहून आणायची पद्धत मांडली. पुढे तिला ओंजळीसारखा हात करून मारलेल्या थापट्यांची जोड मिळाली. फिजिओथेरपिस्ट आजही हे करतात आणि नीट केलं तर त्याचा उपयोगही होतो.

अडचण वेगळीच होती. सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलाला हे रोज दोनदा लागतं, जन्मभर. म्हणजे आईने किंवा वडिलांनी रोज सकाळी कामावर जाण्याआधी आणि रात्री जेवणाआधी त्याच्या छातीवर, पाठीवर, दोन्ही कुशींवर थापट्या मारत बसायचं. मूल सोळा-सतरा वर्षांचं झालं, हॉस्टेलवर गेलं, की त्याने काय करायचं?

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात वॉरन वॉर्विक हे मुलांचे डॉक्टर अशाच रुग्णांवर उपचार करत होते. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, एका संशोधकगटाने कुत्र्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. छातीवर बाहेरून झटपट दाब देत राहिलं की श्वासनलिकेतला कफ जास्त वेगाने वर सरकतो आणि हा वेग सेकंदाला सुमारे १३ दाबांच्या आसपास सर्वाधिक असतो, असं त्यात दिसलं. माणसाचा हात एवढ्या वेगाने चालणं शक्यच नाही. वॉर्विक आणि त्यांचे सहकारी लेलंड हॅन्सन यांनी फुगणारं जॅकेट आणि हवेचे ठोके देणारी पेटी असं यंत्र बनवलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८८ मध्ये त्याला परवानगी दिली. १९९१ मध्ये दोघांनी १६ रुग्णांवरचा दीर्घकाळचा अनुभव प्रसिद्ध केला आणि बहुतेकांची फुफ्फुसांची क्षमता सुधारल्याचं सांगितलं. रुग्ण अगदी थोडे आणि तुलना त्याच रुग्णांच्या आधीच्या काळाशी, त्यामुळे तो पुरावा तेवढ्यापुरताच धरावा. पण रुग्णांना हवं होतं ते मिळालं: आपलं आपण, दुसऱ्याच्या हाताशिवाय.

आत नेमकं काय होतं

व्हेस्ट कफाला ‘फोडतं’ असं अनेकांना वाटतं. तसं नाही. जॅकेट छातीला दाबतं तेव्हा फुफ्फुसांतून थोडीशी हवा झटकन बाहेर ढकलली जाते. सोडतं तेव्हा परत आत येते. एका ठोक्यात हलणारी हवा अगदीच थोडी, साध्या श्वासाच्या तुलनेत किरकोळ. पण ती झटक्याने हलते आणि सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते. नळीच्या भिंतीला चिकटलेल्या कफावरून ही हवा घासत जाते, दर ठोक्याला त्याला थोडं खेचते. बाहेर जाणारा झोत आत येणाऱ्या झोतापेक्षा किंचित जोरदार असला की एकूण ओढ घशाच्या दिशेने पडते. एक प्रकारे हे इवलेइवले खोकलेच, हजारोंनी.

दुसरी गोष्ट कफाच्या स्वभावातली. कफ घुसळला की पातळ होतो. विरजण लागलेलं दही भांडं तिरकं केलं तरी हलत नाही, पण रवी फिरवली की ओतता येतं; त्यात पाणी न घालताही. कफातल्या लांबलांब रेणूंची गुंतागुंत तशीच सततच्या हलण्याने सैल होते. थोडा वेळ शांत राहिला की तो पुन्हा घट्ट होऊ लागतो, म्हणून व्हेस्ट बंद करून ‘मग बघू’ म्हणत चहा प्यायला जाणं चुकीचं. सैल झालाय तेव्हाच तो बाहेर काढायला हवा.

ठोक्यांचा वेग कमी ठेवला तर दर ठोक्याला हवा जास्त हलते. वेग वाढवला तर हवा कमी हलते पण झोत जोरदार होतो. म्हणून एकाच बैठकीत आधी कमी, मग जास्त असे वेग बदलत नेण्याची पद्धत आहे. सेटिंग कुणाचं किती, हे मात्र शेजाऱ्याच्या यंत्रावरून उचलायचं नसतं.

खोकायचं कसं

इथे थोडं थांबावं लागेल, कारण यंत्रापेक्षा महत्त्वाचा भाग हाच आहे आणि याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं.

जोराचा खोकला फक्त मोठ्या नलिका साफ करतो. खोलवरच्या बारीक नलिकांपर्यंत त्याचा झोत पोचत नाही. शिवाय ब्रॉन्किएक्टॅसिसच्या किंवा सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराच्या) रुग्णाने जीव खाऊन खोकलं तर छातीतल्या दाबाने सैल नलिकाच मिटतात आणि कफ त्यांच्या मागे अडकतो. रुग्ण लालबुंद होतो, बरगड्या दुखतात, हाती काही लागत नाही. घरचे म्हणतात, ‘जोर लाव, जोर लाव.’ जोर लावणं हीच इथे चूक असते.

त्याऐवजी शिकवतात ते ‘हफ’. चष्म्याच्या काचेवर वाफ धरायला आपण तोंड उघडं ठेवून ‘हाऽ’ करतो, तसाच श्वास, जरा जोराने. गळा उघडाच ठेवायचा. कफ खोल असेल तर मध्यम श्वास घेऊन लांब, हळू ‘हा’. कफ वर आल्याची खरखर जाणवली की भरपूर श्वास घेऊन छोटा, जोरदार ‘हा’. आणि मग एखादा खोकला. दोन-तीन हफ झाले की मध्ये शांतपणे, पोट हलवत श्वास घ्यायचा, नाहीतर नलिका आवळून येतात आणि घरघर सुरू होते.

व्हेस्ट दर पाच मिनिटांनी थांबवतात ते यासाठीच. थांबवायचं, दोन-तीन खोल श्वास, हफ, कफ आला तर थुंकायचा, पुन्हा सुरू. अर्धा तास सलग व्हेस्ट लावून टीव्ही बघत बसलेल्या रुग्णाने निम्मंच काम केलेलं असतं. कफ जागचा हलला, एवढंच.

आता तो तिसरा गट. खोकण्याचा झोत मिनिटाला १६० लिटरच्या खाली गेला की खोकला असून नसल्यासारखा होतो. २७० च्या खाली असेल तर साध्या सर्दीतही कफ अडकण्याची भीती असते. हा झोत साध्या पीक फ्लो मीटरवर मोजता येतो. अशा रुग्णाला व्हेस्ट लावलं तर कानाकोपऱ्यातला कफ सुटून मोठ्या नलिकेत येतो आणि तिथेच बसतो. आधी तो कुठेतरी कडेला होता, आता मुख्य रस्त्यावर आला. रक्तातला ऑक्सिजन झटकन खाली येऊ शकतो. म्हणून स्नायू दुबळे असलेल्यांना व्हेस्ट द्यायचंच असेल तर लगेच कफ बाहेर ओढायची सोय शेजारी हवी: सक्शन, किंवा मास्कमधून आधी हवा भरून मग झटक्यात खेचून घेणारं यंत्र, ज्याला दवाखान्यात कफ असिस्ट म्हणतात (हा ‘कफ’ इंग्रजीतला, म्हणजे खोकला). अनेक जण व्हेस्ट आणि हे यंत्र एकच समजतात. बऱ्याच वेळा अशा रुग्णाची खरी गरज दुसऱ्या यंत्राचीच असते.

पुरावा काय म्हणतो

जाहिरात पाहिली तर व्हेस्ट सगळ्यांत वरचढ वाटतं. मोजमाप वेगळं सांगतं. २०१३ मध्ये कॅनडातल्या १२ केंद्रांमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांपैकी काहींना व्हेस्ट, काहींना साधा पेप मास्क दिला, वर्षभर. पेप मास्क म्हणजे श्वास सोडताना थोडा अडथळा निर्माण करणारा मास्क; वीज नाही, मोटर नाही. आजार बळावून औषधं वाढवावी लागण्याचे प्रसंग मास्कवाल्यांत वर्षाला सरासरी १.१४ आणि व्हेस्टवाल्यांत २. पहिला असा प्रसंग येईपर्यंत मास्कवाल्यांना सुमारे २२० दिवस मिळाले, व्हेस्टवाल्यांना ११५. मास्कला वेळही कमी लागत होता. फुफ्फुसांच्या क्षमतेत मात्र दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही.

असं का व्हावं? एक पटण्याजोगं कारण असं: छाती बाहेरून दाबत राहिल्याने श्वास सोडल्यावर फुफ्फुसांत उरणारी हवा थोडी कमी होते, त्यामुळे बारीक नलिका मिटण्याकडे झुकतात. पेप याच्या उलट करतं. अडथळ्यामुळे आत दाब राहतो, नलिका उघड्या राहतात आणि हवा कफाच्या मागे पोचते. कफ मागून ढकलायला मागे हवा असावी लागते, ही साधी गोष्ट व्हेस्टच्या आवाजात हरवून जाते.

तरीही व्हेस्ट टाकाऊ म्हणणं चूक ठरेल. पेप, हफ, श्वासाचे व्यायाम या सगळ्यांना रुग्णाचं लक्ष आणि मेहनत लागते. लहान मूल, समज कमी असलेला रुग्ण, तापाने गळून गेलेला माणूस ते करू शकत नाही. व्हेस्ट त्यांच्यावर चालतं. आणि रोज न केलेली उत्तम पद्धत रोज केलेल्या बऱ्या पद्धतीपुढे हरते. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये तर २०१९ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या तीन औषधांच्या मिश्रणाने सगळं गणितच बदललं. ज्यांना ते लागू पडतं त्यांचा कफ मुळातच पातळ होतो. पण त्याची तिथली सुरुवातीची किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या पुढे होती. आपल्याकडच्या बहुतेक घरांसाठी ती चर्चा तिथेच संपते.

साधा दमा, न्यूमोनिया, नुकतीच झालेली सर्दी, कोरडा खोकला, यांसाठी व्हेस्टची गरज नसते. सीओपीडीत सरसकट देण्याइतका भक्कम आधार नाही. रोज बऱ्यापैकी बेडका पडतो, तो सुटत नाही आणि त्यामुळे वारंवार संसर्ग होतो, असा रुग्ण हा याचा खरा उमेदवार.

कुणी लावू नये, कसं लावावं

डोक्याला किंवा मानेला झालेली, अजून स्थिर नसलेली इजा आणि चालू रक्तस्राव, या दोन स्थितींत व्हेस्ट अजिबात नाही. बरगड्या मोडलेल्या, हाडं फार ठिसूळ झालेली, फुफ्फुसाभोवती हवा साठलेली, छातीवर किंवा मणक्यावर नुकतं ऑपरेशन झालेलं, पेसमेकर नुकताच बसवलेला, फुफ्फुसात रक्ताची गाठ, छातीवर भाजलेलं, अशा वेळी निर्णय डॉक्टरांचा. टीबी होऊन गेलेल्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवायची. त्यांच्या छातीत जुन्या पोकळ्या असू शकतात आणि त्यांतून रक्त येऊ शकतं. थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं तर व्हेस्ट त्याच क्षणी बंद. रक्त थोडं असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, आणि कपभर पडलं तर थेट इमर्जन्सी.

जेवणाआधी, किंवा जेवून दीड-दोन तासांनी. ताठ बसून, आत सुती शर्ट, खिसे रिकामे. जॅकेट असं असावं की खोल श्वास घेताना अडू नये. म्हणून जॅकेटचे पट्टे खोल श्वास भरूनच आवळावेत. औषधांचा क्रमही ठरलेला असतो: नलिका मोकळ्या करणारी वाफ (म्हणजे नेब्युलायझरने घ्यायचं औषध) आधी, क्षाराची वाफ व्हेस्टच्या आधी किंवा चालू असताना, आणि अँटिबायोटिकची वाफ कफ काढून झाल्यावर, शेवटी. उलट केलं तर महागडं औषध कफावर पडून कफाबरोबरच थुंकीच्या भांड्यात जातं. पडलेल्या कफाकडे रोज एक नजर टाकावी: पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला, वाढला, वास यायला लागला, तर ते संसर्गाचं चिन्ह.

राहिला खरेदीचा प्रश्न. हे यंत्र लाखांच्या घरात जातं. त्याआधी छातीच्या फिजिओथेरपीची सवय असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे तीन-चार वेळा जाऊन हफ शिकून घ्यावा आणि पेप करून बघावा. पेपची तर अगदी स्वस्त सोयही होते: बाटलीत दहा-बारा सेंटिमीटर पाणी, त्यात रुंद नळी, आणि नळीतून सावकाश फुंकत बुडबुडे काढायचे. नळीची रुंदी आणि पाण्याची उंची फिजिओथेरपिस्टनेच ठरवून द्यावी, पाणी रोज बदलावं आणि नळीतून ते कधीही ओढू नये. दीड-दोन महिने हे नेमाने करूनही कफ सुटत नसेल, किंवा रुग्णाला ते जमतच नसेल, तर मग व्हेस्ट. तेही आधी भाड्याने, रुग्णाच्या मापाचं, आणि पहिली बैठक फिजिओथेरपिस्टच्या समोर, बोटाला ऑक्सिमीटर लावून.